रक्तगटाचा रकाना

गुरुवारी सकाळी साडेसहाला परतवाड्याहून वहिनीचा फोन आला. मी चहा गाळत होते.

"इंदूबाई, तुमाले सांगाचंच राहून गेलं. आरतीचं पोट पडलं. सोमवारी अकोल्याले दवाखान्यात पिशवी साफ केली. आता बरी आहे, काळजीचं काई नाई."

आरती माझी भाची. माझ्या थोरल्या भावाची, देवीदासची, एकुलती एक पोर. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. अडीच महिन्यांचं लेकरू गेलं हे ऐकून कुठल्याही आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. माझ्या नाही आलं. मी आधी घड्याळाकडे पाहिलं.

"सोमवारी किती वाजता?"

"अकरा वाजले असतीन."

"अँटी-डीची सुई देल्ली का तिले?"

मग मागून दादाचा आवाज आला, "तिले काहून फोन लावला?" आणि फोन बंद झाला.

अमरावतीच्या एका रक्तपेढीत मी चोवीस वर्षांपासून टेक्निशियन आहे. कुणाचं रक्त कुणाला चालतं आणि कुणाचं कुणाला मारतं, एवढंच मला आयुष्यात नीट समजतं. आरती बी निगेटिव्ह आहे हे मला कुणी सांगायला नको. ती अकरावीत असताना कॉलेजच्या शिबिरात मीच तिच्या बोटाला टोचून गट काढला होता. तिचा नवरा नितेश ओ पॉझिटिव्ह. बाई निगेटिव्ह, पुरुष पॉझिटिव्ह, आणि लेकरू बापावर गेलं, की पंचाईत. त्या लेकराच्या रक्ताचे चार थेंब बाळंतपणात, नाहीतर असं पोट पडताना, आईच्या रक्तात गेले की आईचं शरीर त्या रक्ताशी वैर धरतं. त्याला मारायची हत्यारं तयार करून ठेवतं. पुढचं लेकरू पोटात आलं की ती हत्यारं त्याच्यावर चालतात. हे होऊ नये म्हणून एक इंजेक्शन आहे. बहात्तर तासांच्या आत द्यायचं. द्यायला एक मिनिट लागतं. सोमवारी अकरापासून मोजलं तर माझ्या हातात साडेचार तास होते.

मग अकोल्याच्या दवाखान्यात ते का दिलं नाही? कारण तिथल्या कागदावर आरती बी पॉझिटिव्ह होती. ती तिथे पॉझिटिव्ह कशी झाली हे सांगायला लागले की आजही माझ्या कानशिलाच्या शिरा उडतात.

आमचा दादा रिटायर्ड हेडमास्तर. परतवाड्याजवळ बारा एकर संत्रा. आणि समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचा सचिव. दर वर्षी अमरावतीत मेळावा भरतो, दर वर्षी दादा जाडजूड परिचय पुस्तिका छापतो. फोटो, उंची, शिक्षण, शेती किती, रास, नाडी, आणि नाडीच्या शेजारी रक्तगटाचा रकाना. हा रकाना कशासाठी आहे हे हजारात एकालाही माहीत नसेल, पण वाचतात सगळे. नवरा-नवरीचा गट एकच असला तर 'एकनाड' म्हणून नाही म्हणतात. म्हणजे ज्याची भीती नाही त्याला भितात. आणि पोरीपुढे 'निगेटिव्ह' दिसलं की पान उलटतात, जणू पोरीत खोट आहे. आरतीला दोन वर्षांत तीन स्थळांनी असं उलटवलं. तिसऱ्या स्थळाची बाई तर तोंडावर म्हणाली, "पोट्टी चांगली आहे, पन रगत खराब आहे."

रक्त खराब! आणि ते आलं कुठून? दादा स्वतः बी निगेटिव्ह आहे. मोझरीला शिबिरात तो वर्षानुवर्षं रक्त देतो. 'दुर्मिळ रक्तगटाचे दाते' म्हणून त्याचा सत्कार झाला, पेपरात फोटो आला, तो फोटो बैठकीत फ्रेम करून लावला आहे. त्याच भिंतीखाली बसून पाहुणे त्याच्या पोरीला तेच रक्त आहे म्हणून नाही म्हणून गेले, आणि तो त्यांना पान-सुपारी देत राहिला. बापात असलं की दुर्मिळ, लेकीत असलं की खराब.

तर पुढच्या पुस्तिकेत दादानं आरतीच्या नावापुढे 'बी पॉझिटिव्ह' छापलं. मेळाव्याच्या मांडवात पान उघडलं आणि मला ते दिसलं. मी थेट स्टेजपाशी गेले आणि ओरडले. माझा आवाज तसा मोठा. रक्तपेढीत मला मागून 'भोंगा' म्हणतात हे मला माहीत आहे. दादा म्हणाला, "प्रिंटिंग मिस्टेक आहे, लोकायसमोर तमाशा नको." वहिनीनं मला मांडवामागे नेलं आणि रडत हात धरले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, इंदूबाई. लग्न झाल्यावर आमीच सांगू."

आणि मी गप्प बसले. हेही लिहून ठेवते, कारण दुसऱ्यांवर आगपाखड करणं सोपं असतं. मी त्या पोरीच्या लग्नात जेवले. लग्न झाल्यावर कुणी काही सांगितलं नाही. वहिनीला दोनदा विचारलं, दोनदा ती म्हणाली, "वेळ पाहून सांगतो." वेळ काही दिसली नाही.

त्या गुरुवारी वहिनीचा फोन बंद होताच मी आधी आरतीला फोन लावला. ती कुजबुजत बोलली.

"आत्या, पाया पडतो तुह्या, कोनाले सांगू नको. बाबानं शपथ घातली आहे. इथी सगळे जन बसून आहेत."

"शपथ गेली चुलीत! डॉक्टरले सांग, मी निगेटिव्ह आहे म्हना. एक वाक्य आहे, आरती."

"मले नाई जमत, आत्या." फोन ठेवला तिनं.

नितेशला लावला. सरळ पोरगा आहे, ऐकून घेतलं. म्हणाला, "थांबा, मामाजीले विचारतो." मामाजी म्हणजे सासरा, म्हणजे दादाच. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला. आवाज बदलला होता.

"इंदूबाई, मामाजी म्हनतात आरतीचा गट बी पॉझिटिव्हच आहे. तुमच्याकडे शिबिरात गर्दी असते, नमुना बदलला असन म्हनतात. तुमी टेन्शन नका घेऊ."

नमुना बदलला असेल! चोवीस वर्षांत माझ्या हातून एक नमुना बदललेला नाही. प्रत्येक नळीवरचं नाव मी दोनदा वाचते, गट दोनदा काढते, शंका आली तर तिसऱ्यांदा. ज्यानं आपल्या हातानं खोटं छापलं तो मला चुकीची ठरवत होता. चोराच्या उलट्या बोंबा. फोनवर आता माझं कुणी ऐकणार नव्हतं, म्हणून मी ओळखीच्या औषधवाल्याकडून अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवलं आणि सव्वासातची अकोला गाडी धरली.

मूर्तिजापूरला ड्रायव्हर चहाला उतरला. दहा मिनिटं म्हणाला, पंधरा झाली. मी खाली उतरून टपरीसमोर उभी राहिले. "भाऊ, चहा पेत राह्यजा, पन मले आधी अकोल्याले सोडा. पोट्टीचा जीव टांगलेला आहे." माझा आवाज ऐकून टपरीवाल्यानंच त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला. चैत्राचं ऊन सकाळीच खिडकीतून भाजत होतं. मी थर्मास पदराखाली धरून बसले होते आणि मनातल्या मनात दादाला शिव्या घालत होते, ज्या मी आईच्या पोटातून शिकले नव्हते.

दहा वाजून पाच मिनिटांनी मी आरतीच्या खोलीत शिरले. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी तिची सासू मैनाबाई, खुर्चीत सासरे रामराव, दारात नितेश. आरतीनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा झाला.

"तू काहून आली, आत्या?"

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर कदाचित पुन्हा गप्प बसले असते.

"मैनाबाई, आरती बी निगेटिव्ह आहे. पुस्तकात खोटं छापलं आहे. माह्या भावानं मुद्दाम छापलं, मले माईत होतं, मी बोलली नाई. अकराच्या आत तिले एक सुई द्या लागते. मंग मले काय म्हनाचं ते म्हना."

रामराव उठून उभे राहिले. "मेळाव्याचा सचिव खोटं छापते? सोताच्या पोरीचं? म्हंजे फसवलं आमाले!"

"हो. फसवलं."

"पुस्तकं फाडून फेकीन मी त्याची! भर मेळाव्यात..."

"थांबा वो तुमी," मैनाबाई मध्येच म्हणाली. ती जाडजूड, काळीसावळी बाई, वावरात राबून पायाला भेगा पडलेली. मी तिला लग्नात एकदाच पाहिलं होतं आणि तोंडाळ म्हणून मनात नोंद केली होती. ती माझ्याकडे वळली. "सुई नाई देल्ली तं काय होते?"

"तुमच्या वावरात शेजाऱ्याचं ढोर एकदा शिरून पीक खाऊन गेलं, तं दुसऱ्या बारीले तुमी काय करता?"

"काठी घेऊन बसतो."

"हिचं अंग तसंच काठी घेऊन बसन. पन दुसऱ्या बारीले येनारं ढोर नसन, तुमचा नातू असन."

मैनाबाईनं एक क्षण आरतीच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फसवलं तं फसवलं. भांडन कुठी पयून नाई चाललं. नितेश, डॉक्टरीनबाईले बलाव. पयले सुई."

खरं सांगते, मी त्या बाईशी भांडायची तयारी करून आले होते. पूर्ण रस्ताभर वाक्यं जुळवली होती. ती सगळी वाया गेली आणि त्याचाही मला राग आला. ज्या बाईच्या धाकानं माझा भाऊ वर्षभर खोटं बोलत होता, तिनं दोन मिनिटांत प्रश्न मिटवला होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. ऐकून त्यांनी कागद चाळले, म्हणाल्या, "नातेवाइकांनी पॉझिटिव्ह सांगितलं होतं. रक्त द्यायची वेळ आली नाही म्हणून तपासलं नाही." मी म्हटलं, "बाई, तपासायले पाच मिनिटं लागतात. लग्नाच्या पुस्तकावरून इलाज करता का तुमी?" त्यांनी लगेच सिरिंज मागवली. आरतीचं रक्त घेतलं. लॅबच्या पोराशेजारी मी उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांदेखत काचेच्या पट्टीवर थेंब घालायला लावले. 'बी'च्या थेंबात गुठळ्या धरल्या. 'डी'चा, म्हणजे पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगणारा, थेंब गुळगुळीत राहिला. बी निगेटिव्ह. नितेशचा पुन्हा काढला, ओ पॉझिटिव्ह.

दहा पंचवीस. मी थर्मास उघडला.

"एक मिनिट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी कूम्ब्स टेस्ट लावली आहे. आईच्या रक्तात आधीच प्रतिपिंडं असतील तर हे इंजेक्शन देऊन उपयोग नाही. नियम आहे, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होता. दुसऱ्या कुणाची पोर असती तर मीच तो नियम सांगितला असता. पहिल्यांदाच पोट पडलंय, कुठून असणार प्रतिपिंडं, ती हत्यारं, असं मी स्वतःला सांगितलं आणि व्हरांड्यात फेऱ्या घालत राहिले.

अकराला सात मिनिटं कमी असताना लॅबचा पोरगा कागद घेऊन आला. त्याच्या चालीवरूनच मला कळलं. चांगला निकाल असला की लॅबचं माणूस दारातूनच सांगतं.

कूम्ब्स पॉझिटिव्ह, म्हणजे हत्यारं आधीच तयार होती. पुस्तिकेतलं पॉझिटिव्ह खोटं होतं, हे खरं होतं.

"हे तीन दिवसांत होत नाही," डॉक्टरीणबाई कागद पाहत म्हणाल्या. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "आरती, याआधी कधी दिवस गेले होते?"

आरतीनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

"नाई वो," मैनाबाई म्हणाली. "पयलंच होतं हे."

"आरती."

"दिवाळीत," आरती म्हणाली.

रामराव परत खुर्चीत बसले.

"माहेरी गेलती तवा. दोन महिने झालते. तीन महिने झाल्याशिवाय सांगू नये म्हनतात म्हनून मी इथी कोनाले सांगतलं नव्हतं, यायलेही नाई." यायले म्हणजे नितेशला. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. "भाऊबीजेच्या दिवशी अंगावरून जाऊ लागलं. बाबानं तिथल्याच दवाखान्यात नेलं. तिथं पिशवी साफ केली. डॉक्टरनं गट विचारला. मी तोंड उघडाच्या आत बाबा म्हने, बी पॉझिटिव्ह."

"अन् तू?" मी ओरडले. "तू मुकी होती? परतवाडा अमरावतीहून किती दूर आहे? दोन घंटे! मी सोता सुई घेऊन आली असती! मले एक फोन काहून नाई केला?"

आरतीनं पहिल्यांदा माझ्याकडे तोंड केलं. डोळे कोरडे होते.

"म्हटलं होतं मी. आईले म्हटलं, इंदूआत्याले फोन कर, आत्याले समजते. आई म्हने, नको. ते चिल्लावते. अख्खा मोहल्ला गोळा करते, मंग अकोल्यापर्यंत बातमी जाते." ती थांबली. "मलेही तेच भेव वाटलं, आत्या. तू आता चिल्लावून राह्यली न, तसं."

मांडवात मी जिथे खरंच ओरडत राहायला हवं होतं, तिथे दोन थेंब आसवांनी मी गप्प बसले. आणि जिथे एका पोरीनं मला हळूच हाक मारायची होती, तिथे माझ्या आवाजाला भिऊन तिनं हाक मारली नाही. दादानं खोटं छापलं. वहिनीनं ते झाकलं. पण त्या दिवशी मला फोन न येण्याचं कारण मी होते.

अकरा वाजून गेले. आता त्याला अर्थ नव्हता.

मैनाबाईनं मला विचारलं, "म्हंजे आता लेकरू होनारच नाई का?"

"होईन," मी म्हटलं. "पन सोपं नाई राह्यलं. दिवस गेले की दर महिन्याले रक्त तपासा लागन. पोटातल्या लेकराचं रक्त कमी होऊ लागलं तं नागपूरले, नाईतं मुंबईले न्या लागन. पोटातच त्याले रक्त द्या लागते. निगेटिव्ह रक्त, आईच्या रक्ताशी जुळवलेलं. वाचतात लेकरं. समदेच नाई वाचत."

"अन् ते सुई दिवाळीत देल्ली असती तं?"

"तं यातलं काईच नसतं."

मैनाबाई खाली बसली. तिनं आरतीच्या पायावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुले आमचं इतकं भेव वाटलं व माय? दोन लेकरं गेली, अन् तू भिताडाकडं तोंड करून पडली?" आरती तेव्हा रडली. नितेश आत आला आणि काय करावं न कळून तिच्या पायाशी उभा राहिला.

माझा फोन वाजला. दादा. मी खोलीतच उचलला, बाहेर गेले नाही.

"पोचली का तू?" तो म्हणाला. "त्यायले समजलं का?"

पोर कशी आहे, हे नाही. सुई दिली का, हेही नाही. माझ्या तोंडातून आवाज आला तो मलाच ओळखू आला नाही, इतका बारीक होता.

"दादा, सुई नाई देल्ली. उशीर झाला. आज नाई झाला, दिवाळीतच झाला. तुह्या पोरीच्या रक्तात आता तुह्या नातवंडाले मारनारं औषध तयार आहे. तू एक शब्द खरा बोलला असता तं नसतं झालं. मले बलावलं असतं तरी नसतं झालं. आयकू येऊन राह्यलं न तुले?"

"इंदू," तो म्हणाला, "हळू बोल. ते लोक आयकतीन."

मग मी ओरडले. तीन खोल्यांपलीकडची माणसं दारात आली, जिन्यावरून नर्स धावत आली आणि "बाई, हा दवाखाना आहे" म्हणत माझ्या हातातला फोन घ्यायला लागली. मैनाबाई उठली आणि तिनं नर्सचा हात बाजूला केला.

"बोलू द्या त्यायले," ती म्हणाली.